ढगांचे वेळापत्रक

दिवाळीचे डबे रिकामे व्हायच्या आतच आपल्याकडे पुढच्या मे महिन्याची वाटाघाट सुरू होते. चिरंजीवांची परीक्षा, माहेरचे एखादे लग्न, कचेरीतली रजा या सर्वांतून वाट काढून महाबळेश्वरचे चार दिवस ठरतात. खोली राखून ठेवली जाते, पैसे भरले जातात. या सगळ्या बेतात एकाच असामीला कोणी विचारीत नाही. ती असामी म्हणजे पाऊस!

पावसाच्या तारखेचा घोळ तसा जुनाच. मेघदूतातल्या यक्षाला ढग दिसला तो आषाढाच्या पहिल्या दिवशी की अखेरच्या, याविषयी टीकाकारांत पाठभेदाचा वाद आहे. पण यक्षाची शिक्षा वर्षाची होती. त्याला सोमवारी कामावर हजर व्हायचे नव्हते. आपले तसे नाही. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची हवामानखात्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. शाळा उघडण्यापूर्वीचा मोकळा आठवडा म्हणून मेअखेर धरणाऱ्यांचा हिशेब असा सोळा दिवसांनी चुकतो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की वळीव आणि मोसमी पाऊस यांत फरक करावा. वळीव हा उन्हाचा मुलगा. जमीन तापते, हवा वर चढते, दुपारी ढग जमतात, तिसऱ्या प्रहरी गडगडाट होतो आणि बहुधा तास-दोन तासांत आकाश मोकळे होते. तेव्हा मे महिन्यात सकाळ आपली आणि दुपार त्याची, अशी वाटणी करून टाकावी. आर्थर सीट आणि प्रतापगड सकाळीच उरकावे. दुपारनंतर पत्ते, भजी आणि गप्पा. मेघगर्जना कानी आली की उघड्या कड्यावर किंवा पाचगणीच्या टेबल लँडवर रेंगाळू नये, आणि झाडाचा आडोसा तर मुळीच घेऊ नये. गाडीत किंवा पक्क्या घरात शिरावे.

मोसमी पावसाची गोष्ट वेगळी. समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीवर येऊन आदळते, वर चढते, गार होते आणि मग पाऊस घड्याळ पाहत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला अवघ्या वीसएक किलोमीटरांवरच्या पाचगणीत तो याच्या निम्म्याहूनही कमी, आणि खाली वाईला आणखी कमी. धुक्याने कडे गिळले तर खिडकीशी कपाळाला हात लावून बसू नका. पूर्वेकडे उतरा, कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती तुमची वाट पाहत आहेत.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मुक्काम शक्यतो मेच्या पहिल्या पंधरवड्यात धरावा. बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतील का, हे भरण्यापूर्वीच विचारावे. निघायच्या आदल्या रात्री हवामानखात्याचा जिल्हावार इशारा पाहावा: पिवळा, नारिंगी की लाल. साताऱ्याचा तर पाहावाच, कोकणातून चढणार असाल तर रायगडचाही पाहावा. जुलै २०२१ मधल्या अतिवृष्टीत आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला होता. म्हणून परतीचा दिवस हाच रजेचा शेवटचा दिवस असू नये. 'उद्या कचेरी आहे' एवढ्यासाठी भर पावसात, काळोखात घाट उतरणे हा शहाणपणा नव्हे. एक दिवसाची रजा पुन्हा मिळते.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही. वर्षभर काटकसर करून जमवलेल्या पैशांचा मोबदला आपण स्थळांच्या संख्येत मोजतो. एक पॉइंट धुक्यात गेला की वडील चिडतात, मुले कंटाळतात आणि त्या दोघांची समजूत घालण्यात गृहिणीची सुट्टी संपते. वास्तविक पाहता स्वयंपाकघरापासून चार दिवस सुटका, हे तिच्या लेखी सर्वांत मोठे स्थळ! तिला ते निवांत पाहू द्यावे. बाहेर पाऊस असला तरी ते दिसते.

तेव्हा या भाऊबीजेला सारे जमून बेत लिहाल, त्या वेळी चारांपैकी तीनच दिवसांपुढे स्थळे लिहा. चौथ्या दिवसापुढची जागा कोरी ठेवा. पाऊस आला तर ती त्याची. नाही आला तर घरातल्या कोणाला काय हवे ते त्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारा.