भाव वाढला, पण कोणाच्या जमिनीचा?

शिरूर आणि दौंड ही दोन्ही शहरे पुण्यापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास. तालुके शेजारचे, मध्ये वाहते ती भीमा नदी. तरीही घराचा आणि गुंठ्याचा भाव दोन्हीकडे सारखा वाढला नाही. नगर रस्त्याने सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने आले. रांजणगावला व्हर्लपूल, एलजी, फियाट आले. कामगार आले, खोल्या उठल्या, बाजरीच्या शेतात प्लॉटिंगचे दगड रोवले गेले. दौंड हे इंग्रजांच्या काळापासूनचे रेल्वे जंक्शन. पण रेल्वेचा आणि राज्य राखीव पोलीस दलाचा माणूस बराच काळ सरकारी क्वार्टरमध्येच राहिला. कुरकुंभची वसाहत रसायनांची. तिच्या शेजारी घर बांधायची हौस कोणाला? सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, पाटस येथे भाव चढला, तोही रस्त्याच्या कडेकडेनेच. रस्ता सोडून आत गेले की तीच जमीन, तीच माती, पण भाव निराळा.

राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ साली घरांच्या किमतीचा निर्देशांक सुरू केला. त्यात आता ५० शहरे आहेत. पुणे आहे, शिरूर नाही, दौंड नाही. म्हणजे देशात घरे किती महागली हे सांगताना आपला माणूस ज्या गावात राहतो ते गाव हिशेबातच नाही! आणि खुद्द गावाच्या हिशेबातही आपली वस्ती कोठे आहे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

गावोगावी महार वतनाच्या जमिनी आहेत. गावाची चाकरी करायची आणि त्या बदल्यात हा तुकडा कसायचा, अशी ती व्यवस्था. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्ती विधेयक मांडले. पुढे १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करण्याचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून ही वतने संपली. ठरलेली रक्कम भरणाऱ्यांना जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि सरकार ठरवेल ती रक्कम, याशिवाय ती विकता येत नाही. बिगरशेतीसाठी हा नजराणा बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जातो. ज्यांना मुदतीत रक्कम भरता आली नाही, त्यांच्या जमिनीवर सरकारचा हक्क लागला.

ही अट आपल्या रक्षणासाठी होती. प्रत्यक्षात काय होते? शेजारच्या गटाचा भाव वाढतो तसा एजंट वस्तीत येतो. 'तुमची जमीन वर्ग दोनची, तिला कोण विचारतो?' असे सांगून तो कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. विसार म्हणून थोडी रक्कम हातावर टेकवतो. पुढची परवानगी, नजराणा, सारे तोच पाहतो आणि रस्त्याकडेचा भाव तोच खातो. अट राहते मालकाला, वाट सापडते दलालाला!

माझ्याकडे शिरूर तालुक्यातील एक आजोबा आले होते. त्यांच्या भावाने असाच कागद करून दिलेला. सातबारावर चुलत्यांच्या वारसांची नोंदच नव्हती, त्यामुळे कोणाला विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही. त्यांचा नातू कंपनीत कंत्राटी कामगार आहे. तो ज्या खोलीचे दरमहा भाडे भरतो, ती खोली त्याच जमिनीवर उभी आहे. पणजोबाने गावाची चाकरी करून राखलेल्या मातीवर पणतू भाडेकरू झाला! याला विकास म्हणायचे काय?

२०२५ साली पुण्यात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजला, चौकशा लागल्या. ते पुणे होते म्हणून बातमी झाली. तालुक्यातील दोन एकरांची बातमी कोण छापणार?

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात, शर्तच काढून टाका, म्हणजे आपल्यालाही पूर्ण भाव मिळेल. त्यांची तळमळ खरी आहे. पण ज्या घरात वारसनोंद नाही, जिथे एका भावाचा अंगठा बाकीच्या पाचांना बेघर करतो, तिथे शर्त काढली तर उरलेली जमीनही वर्षभरात जाईल. शर्त राहावी, पण ती दलालावर चालावी. परवानगीपूर्वी प्रत्येक वारसाला नोटीस मिळावी. रेडी रेकनरच्या दराखाली व्यवहार होऊ नये आणि पैसे प्रत्येक वारसाच्या बँक खात्यात जमा व्हावेत. कुलमुखत्यारपत्रावर परवानगी देऊच नये. मूळ वतनदाराच्या वारसांना स्वतः घर बांधायचे असेल तर नजराणा माफ व्हावा.

सरकार हे करील तेव्हा करील. आपण काय करणार? तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढा. आजोबा-पणजोबांच्या मागची वारसनोंद पूर्ण करून घ्या. लेकी-सुनांची नावे लावा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास या कागदांसाठी ठेवा. शिकलेल्या पोरांनी ते मोठ्याने वाचून दाखवावेत. आणि गाडीतून उतरून कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली, तर आधी वकिलाला दाखवतो म्हणून सांगा. एवढ्यानेच तो पुन्हा येणार नाही, असा माझा अनुभव आहे.

जयभीम!