उकाड्याचे गणित

शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू करण्याचा प्रयोग गोव्यात 2025 साली झाला. सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ऐन उन्हाळ्यात भरले. पालकांनी उकाड्याचे कारण देऊन विरोध केला, शासनाने वर्ग दुपारपूर्वी सोडण्याचा मार्ग काढला. वाद रंगला तो वेळापत्रकाचा. वर्गाच्या चार भिंतींत कोंडलेल्या हवेचे काय होते, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला, असे आम्हांस वाटते.

किनाऱ्यावरील उकाडा केवळ तपमानाने मोजता येत नाही. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. एका ग्रॅमामागे सुमारे 580 कॅलरी. परंतु हवाच ओलसर असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक हे नेमके दाखवितो. तपमान 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असता तो 23 अंशांच्या आसपास राहतो. तपमान 34 अंश आणि आर्द्रता 75 टक्के असता मात्र 30 अंशांवर जातो. हवामान खात्याचा किनारपट्टीसाठीचा उष्णतेच्या लाटेचा निकष कमाल तपमान 37 अंश आणि सरासरीहून साडेचार अंशांची वाढ असा आहे. त्यात ओलाव्याला स्थान नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर पारा 38 अंशांच्या आसपास होता. तेथे 14 जणांना प्राण गमवावे लागले, हे विसरता येणार नाही.

आता वर्गाकडे वळू. खोलीतील सारी हवा एकजीव मिसळलेली आहे असे धरून तिच्यात येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा आणि बाष्पाचा ताळेबंद अभियंते मांडतात. सात मीटर लांब, सहा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच खोली घ्या. 32 अंशांना तिची हवा फार तर पाच किलो बाष्प धारण करील. आर्द्रता 70 टक्के असेल तर साडेतीन किलो आधीच भरलेले. चाळीस मुलांच्या श्वासाघामातून प्रत्येकी ताशी 40 ग्रॅम बाष्प धरले, तरी एका तासात दीड किलोची भर पडते. भिंतींत मुरणारा ओलावा सोडला, तर दारे-खिडक्या बंद असलेला वर्ग तासाभरात काठोकाठ भरतो! पंखा ही हवा ढवळतो, बदलत नाही. हीच हवा तासाला पाच वेळा बदलली, तर बाष्पाची वाढ घनमीटरमागे जेमतेम दोन ग्रॅमांवर राहते.

आमच्या पूर्वजांनी हे गणित कागदावर मांडले नव्हते. परंतु उंच कौलारू छपरे, राजांगण आणि समोरासमोरच्या खिडक्या यांतून त्यांनी ते सोडविले होते. आज आपण सपाट छपराखाली, सरकत्या काचांच्या अर्ध्याच उघडणाऱ्या खिडक्यांआड मुलांना बसवितो आणि मग वातानुकूलनाची भाषा बोलतो. ते किती शाळांना परवडेल?

आमच्या मागण्या माफक आहेत. शाळेच्या नकाशाला मंजुरी देण्यापूर्वी हा ताळेबंद तपासावा; संगणकावर ते काही मिनिटांचे काम आहे. प्रत्येक शाळेत कोरडा व ओला असे दोन तापमापक टांगावेत आणि वर्ग केव्हा सोडायचा, हे त्यांवरून मुख्याध्यापकांनी ठरवावे. शासनाने वेळापत्रक जरूर आखावे. पण मुले वेळापत्रकात बसत नाहीत, वर्गात बसतात.