डॉट वन येऊ दे, मग बघू!

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींच्या बटव्यात एक रामबाण औषध असतंच. "डॉट झिरो प्रॉडक्शनवर टाकायचं नाही. डॉट वन येऊ दे, मग बघू." नियम वाईट नाही. पण तो पुरेसा आहे असं मानणं मला धोक्याचं वाटतं.

पोस्टग्रेसचंच घ्या. १४ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तिच्यात व्हॅक्यूमसाठी एक सुधारणा होती: चालू टेबलवर कामकाज न थांबवता इंडेक्स बांधला जात असेल, तर व्हॅक्यूमने त्याच्यासाठी अडून राहायचं नाही. कल्पना झकास! पण त्यामुळे इंडेक्स बांधताना अजून लागणारा जुना डेटा मध्येच साफ होऊ शकत होता आणि तयार इंडेक्समधून काही नोंदी चक्क गळू शकत होत्या. एरर नाही, क्रॅश नाही. ओळ टेबलात आहे, पण इंडेक्समधून शोधलं तर सापडत नाही. ती ओळ एखाद्या पेशंटच्या ॲलर्जीची असली तर?

१४.१ आली, १४.२ आली, १४.३ पण आली. दोष तसाच. शेवटी जून २०२२ मध्ये, नेहमीचं वेळापत्रक सोडून, १४.४ काढून ती सुधारणा मागे घ्यावी लागली. म्हणजे पहिल्या दिवशी उडी मारणारा आणि डॉट वनसाठी थांबणारा, दोघं एकाच नावेत. वर १४.४ टाकून बिघडलेले इंडेक्स आपोआप नीट होत नव्हते, ते पुन्हा बांधावे लागत होते. रिलीज नोट्स न वाचता नुसतं अपग्रेड करणाऱ्याला हे कळणार कसं?

दुसरीकडे मायएसक्यूएल ८.०.३८ बघा. जुलै २०२४. अडतिसावा आकडा म्हणजे मुरलेलं लोणचं वाटेल की नाही? पण दहा हजारांहून जास्त टेबलं असतील तर सर्व्हर रीस्टार्टला कोसळत होता. ती मागे घेऊन ८.०.३९ द्यावी लागली. मुळात ८.० च्या छोट्या आवृत्त्यांत नवी फीचर्ससुद्धा येत असत. पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्यांत फक्त दुरुस्त्या असतात. आकडा सारखा दिसला तरी त्याचा अर्थ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळा.

मग स्थिरता मोजायची कशी? मी बगांची संख्या मोजत नाही, जात बघतो. कोसळणारा बग परवडला, तो निदान बोंब तरी मारतो. गुपचूप डेटा बिघडवणारा बग नको. दुसरं, तो बग आपण वापरतो त्या फीचरमध्ये आहे का? तिसरं, दोष सापडल्यावर प्रोजेक्टवाले काय झालं, कुणाला धोका आणि आता काय करायचं, हे सरळ सांगतात का? मला तर नीट कबुली देणाऱ्या रिलीज नोट्स बघून जास्त भरवसा वाटतो.

आणि "चालतंय ना, मग हात लावू नका" म्हणणाऱ्यांना एकच सांगणं. १४.२ वर थांबलेल्यांचंही सगळं चालतच होतं.

मोठी आवृत्ती घ्यायला खुशाल वर्षभर थांबा, आपला लोड तिच्यावर चालवून बघा. पण दुरुस्तीची आवृत्ती आली की नोट्स त्याच आठवड्यात वाचा. पंधरा मिनिटं लागतात.