उन्हाळी सुट्टीचा रतीब

जूनच्या मध्यावर राज्यातल्या शाळा उघडतात. विदर्भात उन्हापायी थोड्या उशिराने. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव, गुलाबाचे फूल, आठवीपर्यंतच्यांना मोफत पुस्तके आणि या सगळ्याचे फोटो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी इंग्रजीचा तास येतो आणि फळ्यावर विषय पडतो : ‘हाउ आय स्पेन्ट माय समर व्हेकेशन’. आठवी असो, नववी असो की दहावी, विषय तोच. वेळापत्रक अजून कच्चे असते, तुकड्या पक्क्या व्हायच्या असतात, निम्म्या मुलांकडे वही नसते. तेव्हा पोरांना काहीतरी लिहायला बसवून वर्ग शांत ठेवावा, एवढाच त्यामागचा विचार. मुलांचीही तक्रार नसते. निबंध गाइडात छापलेला असतोच. त्यात एक सुखी कुटुंब महाबळेश्वरला जाते, पॉइंटवरून सूर्योदय पाहते, स्ट्रॉबेरी खाते आणि ताजेतवाने होऊन परत येते. निबंधापुरती सगळी तुकडी महाबळेश्वर करून येते. (मे महिन्यात तिथली स्ट्रॉबेरी सरत आलेली असते, पण गाइडात ती बारमाही पिकते.)

आता त्याच वर्गात बीडकडची, पाथर्डीकडची मुले बसलेली असतात. त्यांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातात आणि हंगाम संपून पट्टा पडला की परततात. आजीपाशी गावात राहिलेल्या मुलासाठी मे महिना म्हणजे आई घरी असण्याचा महिना. सुट्टीवर लिहिण्यासारखे खरे काही त्या वर्गात कोणाकडे असेल तर ते त्याच्याकडे आहे. पण तो लिहितो महाबळेश्वर. कारण इंग्रजीत लिहायचे म्हणजे आपले सोडून दुसऱ्याचे लिहायचे, हे त्याला पाचवी-सहावीतच कळून चुकलेले असते. राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. म्हणजे आज आठवीत आलेला मुलगा सात वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. या सात वर्षांत इंग्रजीतले एक तरी वाक्य त्याने स्वतःहून, स्वतःविषयी लिहिले आहे का, हे विचारायची तसदी कोणी घेत नाही.

शासनाला पहिल्या आठवड्यांचे महत्त्व कळत नाही असे नाही. मात्र त्या काळात करायचे काय, या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर असते : चाचणी. करोनानंतर २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, पुढच्या वर्षी तो ३० दिवसांचा झाला, नंतर २० दिवसांचा. त्याला पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी जोडलेली. पुढे पायाभूत चाचणी आली. तिच्यातही प्रथम भाषा आणि गणिताबरोबर इंग्रजी आहेच. या चाचण्यांतून मुलाला काय येत नाही ते कळते, आणि ते कळायलाही हवे. मुलाला काय सांगायचे आहे, हा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात नाही. दहावीच्या वर्गात तर जूनमध्येच फळ्यावर बोर्डाच्या कृतिपत्रिकेचा आराखडा उतरतो. पत्राचा पत्ता कोणत्या बाजूला, आलेखाचे रूपांतर परिच्छेदात कसे, ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’मध्ये विरोधी मत कोणत्या शब्दांनी सुरू करायचे. ऐंशी गुणांचा लेखी पेपर आहे, त्याची तयारी हवीच. फक्त ती नऊ महिने चालणारच आहे. पहिला आठवडा तिच्याकडून काढून घेतला तर काही अडत नाही.

न्यूयॉर्कमधली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९७० मध्ये तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कुलांतून उत्तीर्ण झालेल्या कोणालाही प्रवेश द्यायचे ठरवले. गरीब वस्त्यांतली, घरी दुसरी भाषा बोलणारी मुले हजारोंनी आली. प्रवेशाच्या वेळी त्यांच्याकडून एक निबंध लिहून घेत. ते कागद पाहून अनेक प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. ही मुले शिकण्यासारखीच नाहीत, असा निकालही काहींनी देऊन टाकला. मिना शॉनेसी या सिटी कॉलेजातल्या बाईंनी मात्र त्यांतले सुमारे चार हजार निबंध घेऊन बसायचे ठरवले. १९७७ मध्ये त्यांचे ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक आले. त्यांना आढळले ते असे : या चुका वाटेल तशा झालेल्या नाहीत. मुलाने मनाशी एक नियम बांधलेला असतो आणि तो इमानाने पाळत तो चुकत असतो. दुसरे, चुकीच्या धास्तीने मुले लिहिणेच आखडते घेतात. स्पेलिंग येणारा शब्द तेवढा वापरतात, वाक्य वाढू देत नाहीत, विचार मध्येच सोडून देतात. आपल्याकडच्या कोणत्याही इंग्रजीच्या शिक्षकाने हे रोज पाहिलेले असते. फरक इतकाच, की त्या बाईंनी कागद वाचले. आपण ते तपासतो.

समजा नववीतल्या एका मुलीने लिहिले : ‘माय ग्रँडमदर शी ड्राइज सांडगे ऑन टेरेस अँड आय सिट फॉर क्रोज.’ शिक्षकाची लाल शाई यावर कुठे पडेल ते सांगायला ज्योतिषी नको. ‘शी’ कापला जाईल. ‘टेरेस’आधी ‘द’ चढेल. ‘सांडगे’भोवती गोल आणि बाजूला प्रश्नचिन्ह. ‘सिट फॉर क्रोज’खाली दुहेरी रेघ. खाली सही, तारीख, आणि ‘इम्प्रूव्ह युवर ग्रामर’. आता हेच वाक्य लाल पेन बाजूला ठेवून वाचावे. मराठीत बोलताना आपण ‘माझी आजी, ती...’ असे सहज म्हणतो, त्या सवयीने तो ‘शी’ आलेला आहे. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ‘द’ गळला आहे. सांडग्यांना सुटसुटीत इंग्रजी शब्द नाही, तिने तो शोधण्यात वेळ घालवला नाही, हे शहाणपणच. आणि कावळ्यांपासून राखण करायला गच्चीत बसणे हे तिने चार शब्दांत सांगितले, तेही कोणत्याही गाइडात नसलेल्या चार शब्दांत. व्याकरण पुढे जुलैत, ऑगस्टमध्ये दुरुस्त होईल. कावळे हाकण्याची ती दुपार एकदा लाल शाईखाली गेली, की पुढच्या वेळी वहीत महाबळेश्वर येते.

आता तर गाइडाचीही गरज उरलेली नाही. घरातल्या मोबाइलला सांगितले, की तो निर्दोष इंग्रजीत महाबळेश्वर लिहून देतो, हवे तर दीडशे शब्दांत, हवे तर दोनशे. या यंत्राशी स्पर्धा करून मुलाकडून निर्दोष निबंध मागण्यात अर्थ नाही. विषयच असा द्यावा, की त्याचे उत्तर त्या मुलाखेरीज कोणाकडे नसेल. घरातली अशी एक वस्तू, जी मोडली तरी कोणी टाकू देत नाही. आज शाळेत येताना रस्त्यात दिसलेले काहीही एक. तुला चांगले जमणारे एक काम, ते आम्हाला येत नाही असे समजून सांग : शेळीची धार काढणे, पंक्चर काढणे, लहान भावाला झोपवणे. लिहायचे वर्गातच, दहा मिनिटे, पाच-सात ओळी. इंग्रजी शब्द अडला तर मराठी शब्द बेलाशक घालायचा आणि पुढे जायचे. अमेरिकेत बरेच शिक्षक पहिल्या आठवड्यात मुलांना शिक्षकालाच पत्र लिहायला सांगतात. तेही चालेल, मात्र त्या पत्राला दोन ओळींचे उत्तर देण्याची तयारी हवी, नाहीतर तोही एक पत्रलेखनाचा प्रश्न होऊन बसतो.

यावर शिक्षक म्हणतील, वर्गात साठ-सत्तर मुले, तास पस्तीस मिनिटांचा, शिवाय मतदार यादी, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब. हे रडगाणे नाही, वस्तुस्थिती आहे. पण इथे काम वाढत नाही, कमी होते. साठ निबंधांत प्रत्येकी वीस चुका दुरुस्त करायला आठवडा जातो आणि त्या दुरुस्त्या कोणी वाचत नाही. साठ मुलांच्या पाच ओळी नुसत्या वाचायला दोन मोकळे तास पुरतात. वाचून समासात एक प्रश्न टाकावा : ‘कावळे किती येतात?’ ती मुलगी त्याचे उत्तर लिहिल्याशिवाय राहणार नाही, आणि तेही इंग्रजीत. शिवाय शिक्षकाला जूनमध्येच कळते, की तिसऱ्या बाकावर कोण बसले आहे.

खरी अडचण शिक्षकाच्या वेळेची नाहीच, न तपासलेल्या वहीची आहे. मुख्याध्यापकांना वहीत लाल शाई दिसली पाहिजे, विस्तार अधिकाऱ्यांना सही आणि तारीख, पालकांना ‘सरांनी चूक दाखवली का?’ याचे उत्तर. चूक तशीच सोडलेली वही म्हणजे कामचुकार शिक्षक, हे समीकरण वरपासून खालपर्यंत पक्के. याच राज्यात २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने बांधून दिली होती. मुलांनी आपल्या नोंदी तिथे कराव्यात, दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा हेतू. मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. कोरा कागद देणे सोपे होते. त्यावर मुलाने आपल्या मनचे काही लिहिले तर ते कोण आणि कसे वाचणार, हे कोणी ठरवले नव्हते.

तेव्हा शिक्षण विभागाने एक ओळीचे परिपत्रक काढावे : शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातील इंग्रजी लेखनाच्या वह्या तपासणीतून वगळण्यात येत आहेत. त्यासाठी तरतूद लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, ॲप लागत नाही, लिंक भरावी लागत नाही, फोटो अपलोड करावे लागत नाहीत. नेमके म्हणूनच ते निघेल अशी आशा जरा बेतानेच धरावी. तोवर ज्या शिक्षकांना हे पटेल त्यांनी मुलांना शंभर पानी वहीऐवजी सुटे कागद द्यावेत. सुटे कागद तपासायला कोणी मागत नाही.