दात्याचे आरोग्य कोणाच्या खाती?

जानेवारी 2025 मध्ये जबलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एका मेंदूमृत रुग्णाचे हृदय भोपाळला आणि यकृत इंदूरला हवाई मार्गाने रवाना झाले. त्याच वर्षी मध्य प्रदेश शासनाने मरणोत्तर अवयवदान व देहदान करणाऱ्यांना मानवंदना देण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच आहे. परंतु जो दाता दान देऊनही जगत राहतो, त्याला मानवंदनेपेक्षा औषधोपचाराची शाश्वती हवी असते. नेमका तिथेच शासनाचा हात आखडतो.

वस्तुतः देशातील प्रत्यारोपणाचा डोलारा जिवंत दात्यांवरच उभा आहे. 2023 मध्ये 18 हजारांवर प्रत्यारोपणे झाली, तर जिवंत दाते होते 15 हजारांहून अधिक. त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश. मूत्रपिंड देणाऱ्याने रक्तदाब, लघवीतील प्रथिने व क्रिएटिनिन यांची नियमित तपासणी आयुष्यभर करावयाची असते. शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णाच्या विम्यातून निघाला, तरी दात्याच्या पुढील तपासण्या व गुंतागुंत अनेक पॉलिसींच्या कक्षेबाहेरच राहतात.

जबलपूरमध्ये आयुध निर्माणी आणि केंद्रीय कार्यालयांतील नोकरदारांचा मोठा वर्ग आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी 2023 पासून 42 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते. वैद्यकीय योजनेचा आधारही असतो. त्याच शहरातील बांधकाम मजुराला वा हातगाडीवाल्याला अशी रजा कोण देणार? आयुष्मान भारतचे 5 लाखांचे कवच पात्रता यादीवर किंवा वयाच्या सत्तरीवर मिळते, दानावर नव्हे.

विमा म्हणजे अवयवाची आडवाटेने किंमत, हा आक्षेप गंभीर आहे; पण तो टिकत नाही. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवविक्री गुन्हा ठरविली. मात्र दात्याचा वाजवी खर्च व बुडालेली मिळकत त्याच कायद्याने मोबदल्याच्या व्याख्येतून वगळली आहे. दानामुळे उद्भवणाऱ्या आजारावरील उपचार हा त्याच तत्त्वाचा विस्तार होय. असा विमा विकता येत नाही, रोखीत बदलता येत नाही. इस्रायलने 2008 च्या कायद्यात बुडालेल्या मिळकतीबरोबर दात्याच्या विम्याच्या खर्चाचीही तरतूद केली.

तिजोरीवरील भाराचे कारणही लंगडे आहे. गरीब रुग्णांच्या मोफत डायलिसिसचा कार्यक्रम 2016 पासून सुरू आहे. मूत्रपिंडाचा प्रत्येक दाता एका रुग्णाला त्या यंत्रापासून सोडवितो. वाचलेल्या खर्चातील अल्पसा वाटा त्याच्या तपासण्यांवर खर्च करणे हे औदार्य नव्हे, साधा हिशेब आहे.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. जबलपूरचे अनेक रुग्ण उपचारांसाठी नागपूर गाठतात. दान एका राज्यात आणि वास्तव्य दुसऱ्या राज्यात असले, की दोन्ही शासने एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. मरणोत्तर अवयवांच्या प्रतीक्षायादीसाठीची अधिवासाची अट केंद्राने 2023 मध्ये दूर केली. दात्याच्या विम्यात ती मागील दाराने येता कामा नये. म्हणून हे कवच केंद्राचेच असावे. समितीची मंजुरी मिळालेल्या प्रत्येक दात्याची नोंद होताच ते लागू व्हावे आणि देशभर चालावे. त्यागाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले. आता त्याच्या परिणामांची जबाबदारी शासनाने उचलावी.