दहा वर्षांची निरोपी

महाशिवरात्रीला मार्कंड्यात कोणाच्याच घराचं दार बंद नसतं. वैनगंगेत अंघोळ, महादेवाचं दर्शन आणि मग ओळखीच्या घरी जेवण, हा जत्रेचा रिवाज. अशा दिवशी घरची बाई बोलत नसेल तर झाकणार कसं? आमच्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी रागावल्या का जी?"

बायकोला नैराश्य आहे. पण पुरुष गप्प झाला की गाव म्हणतं, टेन्शन असंन. बाई गप्प झाली की तिने कोणावर तरी राग धरलेला असतो. मग घरातला प्रत्येक जण आपापला गुन्हा शोधतो. आई म्हणे, "सून माह्यावर रुसली." शेजारीण म्हणे, "बाहेरचं असंन, पुजाऱ्याले दाखवा." मुलीला वाटे, आपले मार्क कमी पडले.

आमच्यातलं बोलणं थांबलं होतं असंही नाही. ते मुलीच्या तोंडून चालायचं. "आईले विचार, भात टाकला का." "बाबाले सांग, मले भूक नाही." मूल निरोप नेतं तेव्हा सांगणाऱ्याचा चेहराही वाचतं. आमची दहा वर्षांची पोर आईचं "नको" माझ्यापर्यंत "आई मग जेवते म्हणे" असं करून आणायची. दोन्हीकडची धार बोथट करण्याची जबाबदारी तिने न सांगता उचलली होती. या आजारात औषधापेक्षा महाग पडतं ते हे, आणि कुठल्याच चिठ्ठीत त्याची नोंद नसते.

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि आधी मुलीशी बोलायला सांगितलं. आई आजारी आहे, तुझ्यामुळे नाही, औषध सुरू आहे, एवढंच बोललो. त्यानंतर तिने मार्कांचा विषय काढला नाही.

बायकोशी बोलण्याचीही रीत बदलावी लागली. "तुला झालं तरी काय?" याला तिच्याकडे उत्तर नसतं आणि उत्तर नाही म्हणून ती आणखी खचते. "चहा ठेवू का?" याला मान हलवता येते. "मन रमव, सगळं तर आहे आपल्याकडे" हे बोलणं तिला दिलाशाऐवजी आरोपासारखं लागतं. गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने सोडायच्या नसतात. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं निघालं तर मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट सांगायला वाट मिळते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या १०० पैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं होतं. त्यातली किती घरं अशीच मुलांच्या निरोपांवर चालत असतील! टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. रुग्णाला फोन उचलण्याची उमेद नसेल, तर पहिला फोन नवऱ्याने करावा. त्यालाही बोलायचं असतंच.