आग्रा रोडला कुणी पुरावा मागितला?



आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याला जुने लोक अजून आग्रा रोडच म्हणतात. मुंबईहून कसारा घाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे. मग तापी ओलांडून शिरपूर, पळासनेर आणि बिजासन घाटाने सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश. सरकारी नंबर आधी ३ होता, आता आपल्या भागात ५२ झाला. नंबर बदलला, पदर वाढले. डोंगर तोच आहे, माणसंही तीच आहेत.

त्या माणसांना आज अतिक्रमणदार म्हणतात. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून नेवाड खेडता, याचा कागद दाखवा म्हणतात. दाखवतो. पण आधी या रस्त्याची गोष्ट ऐका.

१८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला. सातपुड्यातले भिल्ल त्यांना जुमानेनात. मग १८२५ साली त्यांनी भिल्लांचीच पलटण उभी केली आणि घाटातल्या रस्त्याच्या राखणीलाही भिल्ल नाईक नेमले. सेंधवा घाट खाज्या नाईकाकडे होता. अतिक्रमणदाराला कुणी राखणदार नेमतं का? पुढे १८५७ च्या उठावात हाच खाज्या नाईक भीमा नाईकासोबत उठला. त्याच घाटात इंग्रजांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला आपली माणसं फौजेशी लढली आणि मेली. डोंगरात कुणी राहतच नव्हतं, तर फौज कुणावर पाठवली?

१८८० साली सरकारनेच खानदेशचं गॅझेटियर छापलं. त्यात भिल्लांचा हा इतिहास आहे. आणि वनहक्काच्या नियम १३ मध्ये गॅझेटियर हा पुरावा धरलाय. त्यात तुमच्या शेताचा बांध सापडणार नाही, तो गावातले म्हातारे सांगतील. त्यांचा लेखी जबाबसुद्धा पुरावाच आहे. दाव्याला दोन पुरावे लागतात. अमुकच कागद आणा, असा हट्ट समितीला धरता येत नाही.

आता रस्त्याचा न्याय बघा. पाड्यावर रस्ता हवा, तर कायद्याचं कलम ३(२) सांगतं: जागा एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, वर ग्रामसभेची शिफारस. आम्हाला हे मान्य आहे. पण महामार्गासाठी जंगल द्यायचं, तर ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्राच्या पत्राने ग्रामसभेच्या संमतीला सूट! फक्त आदिम जमातींचे हक्क जातात तेवढं सोडून. बाळंतिणीच्या वाटेला गावाला विचारायचं, ट्रकच्या वाटेला नाही? पत्र कायद्यापेक्षा मोठं कधी झालं?

आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. बाजाराला, दवाखान्याला आम्हीही त्याच रस्त्याने जातो. पण ज्यांनी घाट राखला त्यांना विचारल्याशिवाय घाट कापायचा, आणि वर त्यांनाच पुरावा मागायचा, हे चालणार नाही.

म्हणून प्रत्येक पाड्याने म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. ते गेले की पुरावा गेला. दावा नामंजूर केला, तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील करा. पडताळणी पुरी होईपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणी जमिनीवरून हटवू शकत नाही. हटवायला आले, तर एकटं बोलू नका, ग्रामसभा बोलवा.

जल, जंगल, जमीन आमची!
जिंदाबाद!